लेप लावलेलं बियाणं

प्रिय रूपाली,

फोन सोडून आई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन आता कायम तुझ्या बाबांच्या उशाशी असतो आणि पडल्या पडल्या त्यांचे कान फार तिखट झालेत. दुपारी त्यांचा डोळा लागलाय, म्हणून बाहेर ओट्यावर बसून लिहिते आहे. इकडे सोयाबीन गुडघ्याला आलंय, तूरही बरी आहे म्हणतात. आपल्यातलं कोणी पाहायला गेलेलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी तुला विचारलं होतं, सिमेंट न लावता लोखंड हाडात टिकतं कसं. त्यावर हाडातल्याच क्षारांचा लेप असतो, हाड हळूहळू त्याला धरून वाढतं, असं तू समजावलंस. तरी कळेना, तेव्हा म्हणालीस, बाबा, पेरणीआधी आपण बियाण्याला औषध चोळतो ना, तसं समजा. झालं! तू पुण्यात असलेच लेप तयार करतेस, म्हणजे हाही तुझाच, हे त्यांनी ठरवून टाकलं. भेटेल त्याला सांगायचे, "माह्या पोरीचा लेप आहे, रुजल्याबिगर राह्यते का?" मला त्या बढाईचं हसू यायचं.

दीड महिना पायावर भार देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सोयाबीन आठवड्यात जमिनीबाहेर डोकं काढतं, हा यांचा हिशोब. महिना व्हायच्या आत वॉकर कोपऱ्यात गेला. मी ओरडले तर म्हणाले, "कायले भेतं व? रुजलं असन आतालोक." आणि शेतात जाऊन डवरणीला, उभ्या पिकातलं तण काढायला, बैलांमागं चालून आले. शेजारच्या गोमतीबाई म्हणाल्या, "जगदेवभाऊ तं पोट्ट्यावानी चालून राह्यले." मग काय, बघायलाच नको.

आत हाड लोखंडाला धरू लागलं होतं, ते हललं आणि सुटलं. दिवाळीत तू आलीस तेव्हा ओठ चावून तुझ्यासमोर चालले, बाई. तू गेल्यावर जे आडवे झाले, ते आता कूस बदलतानाही कण्हतात. डॉक्टरांचं काही पटत नाही, माझं तर नाहीच. "रूपालीले इचारू, थे म्हणन तेच खरं. पण आत्ताच नको सांगू, कामातलं मन उडन तिचं," एवढंच म्हणतात. मी हरले आहे.

काल त्यांचे एक्स-रे घेऊन एकटीच अकोल्याला गेले होते. आजूबाजूचं हाड इतकं झिजलंय की दुसरा सांधा कशाला धरणार, आणि त्यांच्या हृदयाला एवढी भूल आता झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते आता उठणार नाहीत, रूपाली. घरात पाय टाकते तोच त्यांनी विचारलं, "दुबार पेरणी कवा म्हणते डाक्तर?" मी पाहू म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. माझ्यानं सांगवत नाही, आणि सांगितलं तरी ते मानायचे नाहीत. रुजेल, हे त्यांनी तुझ्या तोंडून ऐकलं होतं. आता रुजणार नाही, हेही तूच येऊन सांग.

वाट पाहणारी तुझीच,
आई