डिंकाची छपाई

आबा, दमले मी. चार दिवस झाले, गोडादऱ्याच्या आपल्या घरच्या मोरीत वाकून तुमचा फोटो धुतेय. वडोदऱ्याला प्रदर्शन आहे, त्यात तो लावायचाय, डिंकाच्या जुन्या पद्धतीनं छापून. डिंकात रंग आणि बायक्रोमेटचं पिवळं पाणी कालवायचं, कागदाला फासायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलं तिथला रंग धरतो, बाकीचा पाण्यात सुटतो. तुम्हाला काय सांगायचं म्हणा! कंबर मोडली तरी काम होतंय. अडलंय ते फोटोखालच्या पाटीवर. ही कला मी कुठे शिकले, ते तिथे लिहायचंय.

कडोदऱ्याच्या कारखान्यात तुम्ही साडीछपाईच्या जाळीदार स्क्रीन बनवायचात. हेच पिवळं पाणी, हेच ऊन. मी नववीत, डबा घेऊन येते आणि अंधाऱ्या खोलीचं दार सरळ ढकलते. आत वाळत ठेवलेल्या सगळ्या स्क्रीन उजेडानं वाया. सेठ धावत आला, तर तुम्ही म्हणालात, दार माझ्याकडूनच उघडं राहिलं. मग मला शेजारी बसवून सगळं पुन्हा केलंत. मी एक स्क्रीन घाईनं पाण्याबाहेर ओढली, तसा माझा हात धरलात. "घाई नको करू. पानीले तेनं काम करू दे." तुमच्या बोटांच्या बेचक्यांत त्या पिवळ्या पाण्यानं पडलेल्या जखमा होत्या. मला तेव्हा त्यांची किळस आली होती, खरं सांगते.

पुढे कॉलेजच्या प्रदर्शनाला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. माझ्या छापाला नाक लावून सरांसमोरच म्हणालात, पिवळं राहिलंय, आणखी धुवायला पाहिजे होतं. मी फटकन बोलले, "आबा, ही कला आहे, साडी नाही." सर हसले. तुम्हीही हसलात, आणि लगेच स्टँडकडे निघालात. काय मेलं शहाणपण ते! दुसऱ्या दिवशी कागद उतरवून धुतला, तर पिवळं निघालं की. तुम्हाला कळवलं नाही. राहूनच गेलं, आणि दोन वर्षांत तुम्हीही गेलात.

आज सकाळी प्रदर्शनवाल्या बाईंचा फोन आला. पाटीवर शिक्षण म्हणून कॉलेजचंच नाव घालू ना, विचारत होत्या. कडोदरा, माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. चार दिवस मनात तेच घोकत होते. "हो, तेच राहू द्या," म्हणाले.

पाटी बदलायला अजून आठवडा आहे, आबा. मी फोन करीन असं मला वाटत नाही.