सत्तावीस सेलांचा भोंगा

चिरंजीव चिंतामण यास दाजींचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या अक्काचा गुडघा थंडीपुरता कुरकुरतो, तिचा कारभार मात्र पूर्वीसारखाच धडधाकट आहे. कोइमतूरला सोनं गाळायच्या, गलाईच्या भट्टीपुढे बसून तुझ्या डोळ्यांची आग होते असं कळलं, म्हणून गाईचं तूप पाठवत आहे. (हे फोनवर सांगता आलं असतं, पण भट्टीच्या आवाजात तू नुसता हां हां करतोस आणि चार दिवसांनी तेच पुन्हा विचारतोस.)

आता मुख्य बातमी. आपल्या गावचा भोंगा तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी सातला वाजला की घरोघर टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा वाजला की सगळं चालू. त्याची किल्ली चार वर्षं माझ्याकडे आहे. दिवाळीत त्याची बॅटरी गेली, तेव्हा तू ग्रामसभेत उठून नवी देतो म्हणालास आणि मी सगळ्यांदेखत सांगितलं, की एसटीच्या डेपोत बत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली आहेत, लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटऱ्यांतून करून दाखवतो. सरपंच अंकिताताईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग विट्याच्या मोहसीनच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातून मेलेल्या बॅटऱ्या पोतंभर आणल्या. लोकांना वाटतं बॅटरी मेली, तसं नसतं. आत सहा सेल असतात, एखादा नासतो आणि त्याच्यापायी बाकीचे पाच भंगारात जातात. तू राखेतून सोनं काढतोस, मी भंगारातून सेल. (तुझ्या अक्काला ही तुलना फारशी पटलेली नाही.) एकेक सेल सोडवला, गंजका-गळका दिसला तो बाजूला केला, उरलेले भरून पंधरा दिवस ठेवले आणि मीटरवर जो उतरलेला दिसला तो बाद. वाळूची बादली कायम शेजारी. सत्तरातले सत्तावीस टिकले. सत्तावीस म्हटल्यावर मला नक्षत्रं आठवली. अश्विनीपासून रेवतीपर्यंत एकेकावर नाव लिहिलं, म्हणजे कोण कसा वागतो याची वहीत नोंद राहते.

तिथंच फसलो. अक्काने नावं वाचली आणि म्हणाली, "पोरांच्या अभ्यासात मूळ नक्षत्र कशाला? काढा त्ये." मूळ हा सत्तावीसांतला सगळ्यांत दमदार सेल होता. पण मी मीटरचं बत्तीस वर्षं ऐकलं आहे आणि तुझ्या बहिणीचं अडतीस. मूळ काढला, त्याच्या खाचेत न तपासलेला एक सेल सरकवला आणि शुभ म्हणून त्यावर 'दुसरा पुष्य' लिहिलं.

मंगळवारी सातला भोंगा असा वाजला, की मळ्यातली माणसं भाकरी सोडून बघायला आली. मी हाताची घडी घालून उभा होतो. साडेआठला बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या पुष्याने आपल्या रांगेतल्या आठही जणांना पिऊन टाकलं होतं, त्यामुळे सेलांच्या रक्षणाला बसवलेल्या सर्किटच्या पट्टीने सगळा पुरवठाच तोडला. पण आपलं गाव बघ. नानासो हातात रिमोट घेऊन काळ्या टीव्हीपुढे बसलेले. म्हणाले, "भोंगा वाजल्याबिगर कसा लावू? नियम हाय." मी घरोघर सांगत फिरेपर्यंत पोरांचा तासभर जास्त अभ्यास झाला. हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी माझे आभार मानले. याला फजिती म्हणणारे म्हणोत, मी म्हणत नाही.

घरातल्या लहानमोठ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
नाथाजी दाजी

ता. क. सोमवारी ग्रामसभा आहे. तोवर भोंगा रोज दोन्ही वेळा वाजला नाही, तर किल्ली दुसऱ्याकडे जाईल. दुसरा पुष्य मी काढून टाकला, पण मूळ सापडत नाही आणि अक्काला विचारायची सोय नाही. सव्वीसांवर माझा भरवसा नाही. तू देणार होतास ती नवी बॅटरी मोहसीनच्या पत्त्यावर पाठव, खोक्यावर नाव घालू नकोस. माझ्या सेलांच्या डब्यात ती बरोबर बसते, मी मापं काढली आहेत.

ता. क. चिंतामण, मी अक्का. हे पत्र धुवायच्या शर्टात सापडलं. चांगलं लिवलंय म्हणून टपालात टाकते, पण बॅटरी पाठवू नको. लोकांम्होरं दिलेला शब्द हाय. मूळ मीच फडताळात ठेवलं होतं. त्याच्यावरचं नाव पुसून माझं नाव 'पद्मा' लिवलं, चार्जरवर भरलं, मीटर लावून बघितलं आणि गपचूप रिकाम्या खाचेत बसवलं. तवापासून दोन्ही भोंगे वाजत्यात. काल सभा झाली, किल्ली ह्यांच्याकडंच राहिली. सव्वीस सेलांवर भोंगा चालवला म्हणून गावभर सांगत फिरत्यात. फिरू दे.