नाल्यापलीकडचं रान

सर, तुमचा नकाशा अजून उघडतो. चांगलं सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

चामोर्शीच्या दुकानातून मी पेन ड्राइव्हमध्ये नकाशे काढायचं चोरीचं सॉफ्टवेअर भरून आणलं, तो दिवस आठवतो. तुम्ही शाळेच्या संगणकासमोर बसलेले, चष्मा कपाळावर. सगळ्यांदेखत मला झापलंत. "चोरून काऊन आनलं? जे सगळ्यायसाठी उघडं ठेवलं आहे, ते घे नं. त्याले आज कुलूप नाई, अन् उद्या कोनी लावूबी शकत नाई." मला वाटलं, मास्तर कंजूष आहे, फुकटचं शोधतो. मग तुम्ही गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन जंगलाची शीव फिरलात. ते झाड दाखवायचे, तुम्ही जागा टिपायचात, आणि संध्याकाळी ते सगळं त्याच खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चढायचं. झाडांची नावं आपल्या बोलीत टाकलीत, कोणाची परवानगी लागली नाही. ग्रामसभेला बांबूचा हक्क मिळाला, तो त्या नकाशाच्या जोरावर.

तुम्ही वारलात आणि एक संस्था आली. टॅबलेट, रंगीत ॲप, चहा-नाश्ता. ग्रामसभेत मी म्हणालो, सरांचं चालू आहे, तेच ठेवू. तर माझे काका उठले. "फुकटच्या वस्तूचं काय खरं गा? बिघडलं तं कोनाले धरशीन?" सगळे हसले. तुमच्याच विद्यार्थ्यांनी ॲपसाठी हात वर केले, सर. नंतर नाल्यापलीकडची, तुमच्याकडून राहिलेली शीव फिरून झाली, ती थेट त्या ॲपमध्ये गेली. संस्थेच्या बाईंना मी विचारलं, याची प्रत मिळेल का? "दादा, सगळं वर सुरक्षित आहे." वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं.

यंदा शेजारच्या गावानं नाल्यापलीकडचा बांबू तोडला. वनखात्याच्या साहेबांना नकाशा दाखवायला गेलो, तर ॲप म्हणतं, सेवा बंद झाली आहे. संस्थेचा प्रकल्प केव्हाच संपलेला, फोन कोणी उचलत नाही. शेवटी तुमची जुनी फाइल मी माझ्या संगणकावर टाकली. तेच सॉफ्टवेअर, कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी इतकी वर्षं सुधारत ठेवलेलं. कोणी पासवर्ड मागितला नाही. आपली शीव डोळ्यांसमोर आली, पण नाल्यापर्यंतच. पलीकडे कोरं. तिकडची झाडं दाखवणारे म्हातारे आता नाहीत. साहेब म्हणाले, "नकाशात नाही, तर मी काय करणार?" रान गेलं.

आता तेच काका मला विचारतात, "तू तवा जोरात काऊन नाई बोलला?" चीड येते सर. त्यांची, संस्थेची, आणि खरं सांगू, तुमचीही. सगळं उघडं ठेवलंत, पण नकाशा काढायला शिकवलंत मला एकट्याला. बाकीचे टाळत होते, म्हणून तुम्ही त्यांचा नाद सोडलात. सोडायचा नव्हता. त्या सभेत माझ्या बाजूनं बोलायला आणखी कोणी असतं, तर तिकडच्या शिवेची एक प्रत आपल्याकडेही राहिली असती.

हल्ली आजूबाजूची गावं नकाशासाठी मलाच बोलावतात. गाडी पाठवतात, पुढच्या खुर्चीवर बसवतात, कोंबडा कापतात. तिथली पोरं म्हणतात, "दादा, आमालेबी शिकवा नं." मी म्हणतो, पुढच्या खेपेला. अजून कोणालाच शिकवलेलं नाही. मला बोलावलेलं आवडतं, सर. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिलं. तुम्ही असता, तर एवढं शेवटचं लपवलं असतं.