पाचव्या भागातला हातोडा

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न.

फोनवर मी एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतो आणि मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून जे सांगायचं ते पत्रात लिही, असा तुझा हुकूम. तर मुद्दा असा की माझी वेबसिरीज पुरी झाली. पाचच्या पाच भाग! दहावीच्या पुढे न गेलेल्या, तीन शहरं आणि सात धंदे बदललेल्या तुझ्या भावाने काहीतरी शेवटाला नेलं. हे माझ्या हातून होणार नाही म्हणून भावोजींनी मिशीची पैज लावली होती ना? त्यांना वस्तरा दे.

गोष्ट थोडी आपलीच आहे. आई नसलेले भाऊ-बहीण, चष्म्याचं दुकान चालवणारा बाप आणि घरात आलेला जुना व्हिडिओ गेम. लोकांना वाटतं, गेमवरची सिरीज म्हणजे नुसती धावाधाव. खरी गंमत सांगू? शूटिंगच्या वेळी पडद्यावर गेम नसतोच! नट बंद पडद्याकडे बघून खेळल्याचं सोंग करतात, गेम मागाहून चिकटवतात. पहिल्या दिवशी आमची नटी रिमोट असा हलवत होती, जणू पीठ चाळतेय. मग मी तिला तू कशी खेळायचीस ते करून दाखवलं. पाठ ताठ, अंगठे जेमतेम हलणारे, ओठ घट्ट, आणि हरायची वेळ आली की डाव्या पायाने टेबलाचा पाय धरून ठेवायचीस ते. तिने ते केलं आणि मला वाटलं तूच बसली आहेस. मी उगाच जाऊन दिव्यांच्या वायरी गुंडाळत बसलो. आमच्या सेटवर एक मांजर आहे, ते फक्त गरम दिव्याखालीच झोपतं. पण ते जाऊ दे.

शेवटच्या भागात बाप तो गेम हातोड्याने फोडतो. बाबांनी फोडला नव्हता, नुसता कुणाला तरी देऊन टाकला होता, हे मला ठाऊक आहे. पण नुसत्या ‘दिला’त नाट्य कुठून यायचं? निर्मातीबाई म्हणाल्या, पोस्टर याच दृश्याचं करायचं. बारा वर्षांचा राग काढला मी त्यात, ताई. लिहून झाल्यावर दुपारीच गाढ झोपलो.

पेनड्राइव्ह सोबत आहे. बाबांना आत्ता दाखवू नकोस. मे महिन्याच्या एक तारखेला सिरीज येईल, तेव्हा ते दुकानात मोठा पडदा लावून गिऱ्हाइकांना बोलावणार आहेत. तीनदा सांगितलं त्यांनी.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पाचही भाग पाहिले. तुझे भावोजी मिशीसकट बसले होते. त्यांचं म्हणणं, सिरीज लोकांसमोर येईपर्यंत मिशीला मुदत आहे. ती मुलगी टेबलाचा पाय धरते ना, तिथे मी खाली पाहिलं, तर माझाच पाय खुर्चीला गुंडाळलेला! मेल्या, एवढं कधी बघितलंस रे? मला वाटायचं, तुझं लक्ष फक्त पडद्याकडे.

पाचव्या भागाला मात्र मी दूध उतू जातंय असं सांगून उठले. दूध नव्हतं गॅसवर.

आता नीट वाच, मध्येच मांजराकडे जाऊ नकोस. गेम बाबांनी दिला नाही. मी दिला. माझ्या मैत्रिणीच्या भावाला, पिशवीत घालून, तू शाळेत असताना. तुझा अभ्यास बुडतो असं मी मनाला सांगितलं, पण ते खोटं. मलाच तो सुटत नव्हता. रक्त-तपासणीच्या कोर्सची परीक्षा आठवड्यावर आलेली, आणि मी पुस्तक उघडं ठेवून पुढची लेव्हल कशी पार करायची याचा विचार करत बसायचे. आज प्रयोगशाळेत नोकरी आहे ती त्या पिशवीमुळे.

तू दुकानात जाऊन बाबांवर ओरडलास तेव्हा मी मागच्या खोलीत डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तुला म्हणाले, हो, मीच दिला. तू गेल्यावर मी तोंड उघडलं तर म्हणाले, त्याने माझ्याशी अबोला धरला तर चालेल, तुझ्याशी धरला तर तो जेवेल कुणाजवळ बसून?

मी गप्प बसले, ती बसलेच. हातोडा पाहिला नसता तर अजूनही बसले असते. भरल्या दुकानात लोक विचारतील, आणि बाबा हसून म्हणतील, हो हो, फोडला मी. ते म्हणतील रे, तुला माहीत आहे ते कसे आहेत.

माझ्यावर हवं तेवढं रागाव. पण तो हातोडा काढ.

आधी राग, मग लोभ, या क्रमाने दोन्ही धाड. मी वाट बघते.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. आणि उशीर झाला म्हणून कान पकडतो.

तुझं पत्र वाचलं आणि चालत सुटलो. एका कुलूपवाल्याजवळ अर्धा तास थांबलो, आता मला साधं कुलूप तारेने उघडता येतं. असो. रागावलो मी तुझ्यावर. चांगला तीन दिवस. मग आठवायला लागलं, ज्या शहरात गेलो तिथे मी बाबांची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी थोडी वाढवून. एका ठिकाणी त्यांनी गेम विहिरीत टाकला, एका ठिकाणी जाळला. हातोडा लिहायला बसल्यावर सुचला नाही, ताई. तो मी घडवतच आणला होता.

निर्मातीबाईंना म्हटलं, दृश्य बदलायचं. त्या म्हणाल्या, पोस्टर छापून आलंय, डोकं ठिकाणावर आहे का? शेवटी एक दिवस दिला. जमलं नाही तर हातोडा राहील, अशी अट. बापाचं काम करणारे काका तर रुसलेच. त्या हातोड्यासाठी महिनाभर दंड कमावत होते बिचारे.

आता दृश्य असं. पोरगा ओरडतो. बाप चष्म्याची काडी बसवतोय. तो मागच्या खोलीतल्या मुलीकडे बघतो आणि ‘हो, मीच दिला’ म्हणतो. बस. पहिल्या खेपेला काकांनी असा हुंदका काढला की मांजर पळालं. मी म्हटलं, काका, हा माणूस रडत नाही, समोर गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातून स्क्रू पडला आणि त्यांनी तो शोधला नाही, रिकाम्या हाताने पिळत राहिले. निर्मातीबाई इतकंच म्हणाल्या, हेच ठेवा. आता शिव्या देत देत पोस्टर बदलतायत.

दुकानात सगळ्यांना कळेल की गेम मुलीने दिला. चालेल ना? नसेल चालत तर आता इलाज नाही, तूच म्हणालीस हातोडा काढ.

रागाचा कोटा संपला आहे, आता उरला तो सगळा लोभच.

भिंगरी


३ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

दुकान भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या, दोघं डोळे तपासायच्या खुर्चीत दाटीवाटीने बसले. जावईबापूंची मिशी गेली. आल्या आल्या मी त्यांना नवीन गिऱ्हाईक समजून नंबर विचारला.

गेममधलं मला काही समजलं नाही, पण पोरं शिट्ट्या मारत होती, त्यावरून बरं असावं. तो गृहस्थ काडीचा स्क्रू उलटा फिरवतो. पुढच्या वेळी मला विचारत जा.

ते दृश्य लागलं तेव्हा ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझी बाही धरली ती संपेपर्यंत सोडली नाही. नंतर लोकांसमोरच म्हणाली, मी दिला होता. मी म्हटलं, आता सगळ्यांनाच माहीत आहे, चहा आण.

एक लक्षात आलं. तुझ्या सिरीजमधला मुलगा बापाला म्हणतो, तुम्हाला काही कळत नाही. तू मला त्या दिवशी याहून फार वाईट बोलला होतास. माझ्या ते शब्दन्‌शब्द ध्यानात आहे. ते तू घातलं नाहीस, बरं केलंस. तेवढं आपल्या दोघांत राहू दे.

लोभ तेव्हाही कमी झाला नव्हता.

बाबा