जेवणानंतर पुकारलेली माणसं

१८ जानेवारी १९९८, रविवार
ज्ञातीचा वधू-वर मेळावा. रजा टाकावी लागली. अंबडला आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी, मेळावे नेमके रविवारी. माझं तिसरं वर्ष, बिल्ले वाटायचं काम. "शैलाताई, तुमच्याशिवाय मेळावा होतच नाही," म्हणे. खरंच होत नाही.

सकाळी कुमार-कुमारिका. हॉल भरलेला, आया पुढच्या रांगेत माना लांब करून. मग मसालेभात, जिलबी. आणि जेवणानंतर ‘पुनर्विवाह विभाग’. घटस्फोटित, विधवा, विधुर, सगळे एका दावणीला. तोवर निम्मा हॉल एस.टी. गाठायला पळालेला, उरलेला पान खायला बाहेर. मंडपवाले खुर्च्या उचलायला लागतात. दरवर्षी मी कार्यवाहांना सांगते की यांना सकाळी घ्या. दरवर्षी ते म्हणतात, बघू.

मी स्वतः नाव देत नाही. ठाण्याहून परत आले त्याला अकरा वर्षं झाली, कागदावर मीही त्याच विभागातली. पण जेवणानंतर पुकारलेलं मला चालणार नाही. उपाशी राहीन.

आज एक गृहस्थ स्टेजवर आले. निळा शर्ट, बिल्ला उलटा लावलेला. समोर खुर्च्यांच्या थप्प्या आणि केर काढणारी बाई. मला वाटलं नाव सांगून उतरतील, बाकीचे तसंच करतात. हे पूर्ण बोलले. विनायक, वय ४४, पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजची मशिनरी सांभाळतो, पत्नी सहा वर्षांपूर्वी आजारात गेली, मुलगी आठवीत.

मला असा संताप आला, त्यांचा नव्हे, त्या थप्प्यांचा. एक खुर्ची ओढली, स्टेजसमोर ठेवली आणि बसले. ते थांबले. मग उरलेलं मला उद्देशून. "पोळ्या सोडून सगळा स्वयंपाक येतो. मुलगी हट्टी आहे, आधीच सांगितलेलं बरं."

खाली उतरल्यावर म्हणाले, "तुम्ही बसलात, बरं वाटलं."
"पाय दुखत होते," म्हटलं. काही दुखत नव्हते.

२४ जानेवारी
समोरच्या कुलकर्णी काकू गॅलरीतून ओरडल्या, "शैला, तुझा फोन, पिंपळगावहून. पुरुष आहे." आमच्याकडे फोन नाही, त्यांचाच नंबर पी.पी. म्हणून सगळीकडे दिलेला, त्यामुळे आमच्या घरातलं काही आमच्या घरात राहत नाही. अख्ख्या बिल्डिंगला बातमी.

निळा शर्टच. मेळाव्याच्या पत्रकावरून नंबर मिळवला.
"मी माझं स्टेजवर सांगितलं. तुमचं ऐकायचं राहिलं."
"मी उमेदवार नाही."
"मग नुसतंच सांगा."
काकू शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या. एकच खडा तीनदा काढला त्यांनी.

७ फेब्रुवारी, शनि.
सोमेश्वरला भेटलो, विनायक आणि मी. मिसळ. त्यांना तिखट सोसत नाही आणि तरी तर्री मागून घेतली. नाकातून पाणी.

सांगितलं सगळं. ठाण्याची चार वर्षं. नवऱ्याने एकदा हात उचलला तेव्हा गप्प बसले. दुसऱ्यांदा उचलला त्या दिवशी बॅग भरली. तिसऱ्याची वाट बघितली नाही याचा मला आजही अभिमान आहे, असं मी त्यांना सांगितलं. हे ऐकून लोक ‘अरेरे’ म्हणतात, नाहीतर ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ म्हणतात. वि.ने विचारलं, "बॅग जड होती?"
"होती."
"कुणी उचलली?"
"कोण उचलणार? मीच."
मान हलवली आणि पाव मागवला. मला हा माणूस आवडला. इथे लिहायला काय जातंय.

१४ मार्च
पिंपळगावला जाऊन आले. द्राक्षांचा हंगाम, यांना तिकडून हलता येत नाही, म्हणून मीच एस.टी.ने. फाट्यावर टेम्पोंची रांगच रांग.

दारावरचा माणूस म्हणाला, "ताई, लय गार हाय आत. सायबांचा कोट घाला." घातला. बाह्या माझ्या हातांच्या खाली वीतभर. आत गेले तेवढ्यात लाईट गेली. पाच-सहा जणांची पळापळ, आणि हे कुणावर न ओरडता एकेकाला नाव घेऊन काम सांगत होते. जनरेटर सुरू. म्हणाले, "आतला माल परदेशी जायचाय, त्याला ऊन कळता कामा नये." मला काय अभिमान वाटला. म्हटलं, अगं, तुझा कोण लागतो? पण वाटला खरा.

मुलगी भेटली. मुक्ता. दप्तर न उतरवता दारात उभी.
"तुम्ही पप्पांच्या मैत्रीण का?"
"हो."
"पप्पांना मैत्रिणी नसतात."
चहा मात्र तिने केला. माझ्यात साखर नाही. विसरली की कसं, माहीत नाही. प्यायले.

१६ मे
मुक्ता सुट्टीत काकांकडे आलीय, गंगापूर रोडला. वि. म्हणाले, तुम्ही दोघी जरा फिरा. मोपेडवर मागे बसवलं. मला धरायचं नाही म्हणून सीटचं टोक धरून बसली. रविवार कारंजाशी खड्डा आला आणि माझी कंबर पकडली. नंतर सोडायचं विसरली.

उसाचा रस पिताना एकदम, "तुम्ही माझी आई होणार आहात?"
"नाही. तुला आई आहे. फोटोत आहे, पण आहे."
बराच वेळ स्ट्रॉ चघळत बसली. मला अजून कशानेच हाक मारत नाही. ‘ते’, ‘अहो’, नाहीतर नुसती बघते.

२० जून
सीबीएस स्टँडवर त्यांना पिंपळगावच्या गाडीत बसवायला गेले होते. पायरीवर एक पाय, तिथून म्हणाले, "शैला, करायचं का?"
"काय?"
"लग्न."
कंडक्टरने घंटी मारली. मी हो म्हटलं. मोठ्याने म्हणावं लागलं, इंजिन चालू होतं. खिडकीतल्या बाईने ऐकलं आणि हसली.

अण्णा गंगेच्या घाटावरून आले, पंचा वाळत घातला, तेव्हा सांगितलं. पंचेचाळीस वर्षं गंगेवर दुसऱ्यांचे विधी सांगणारा माझा बाप. मला वाटलं, आता गोत्र विचारतील, लोक काय म्हणतील ते काढतील. विचारलं एवढंच, "तुझं ऐकतो का?"
"ऐकतो."
"मग बरं आहे. माझं कुणी ऐकलं नाही, निदान तुझं तरी."

२४ ऑक्टोबर
वाईट दिवस.

वि.चे दादा आले, बोलणी करायला. आईवडील लवकर गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर. फराळाचं कौतुक केलं, चकली दोनदा घेतली. मग अण्णांना म्हणाले, "दुसरेपणाचं आहे, गाजावाजा नको. सकाळी लवकर, तुमच्या घरीच. पाच माणसं. गुरुजी तर घरचेच आहेत, तुम्ही अर्ध्या तासात आटपून टाका."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "मी परक्यांची श्राद्धंसुद्धा आटपत नाही. मुलीचं लग्न आटपू?"

शब्द न् शब्द लिहून ठेवते आहे. सत्तर ओलांडलेल्या, कर्मठ म्हणून गावभर नाव असलेल्या माझ्या बापाचे शब्द. किती अभिमान वाटला हे त्यांना सांगता येणार नाही, लगेच उठून संध्येला बसतील.

आणि वि.? कपाकडे बघत बसले.

जिन्यात गाठलं त्यांना. "दादांनी मला शिकवलं, शैला. त्यांना दुखवून..."
म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं लपवणार असाल तर मला ताकच नको. भर दिवसा, हॉलमध्ये, पत्रिका छापून. नाहीतर नाही."
"तू अशी टोकाला..."
"मी जेवणानंतरची बाई नाही, विनायक."
पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं त्यांचं. तेही भांडताना.

३१ ऑक्टोबर
फोन नाही.

५ नोव्हेंबर
फोन नाही. काकूंच्या फोनची घंटी मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. दरवेळी हात थांबतो.

कंपनीत आज तपासणीत एक अख्खी बॅच परत पाठवली, मापात नव्हती. साहेब म्हणाले, मॅडम, चालून जाईल. म्हटलं, तुमच्या सहीने चालवा, माझ्या नाही. परत गेली बॅच. घरी येऊन रडले. बॅचसाठी नव्हे, उघड आहे.

तो मला हवा आहे. स्वच्छ लिहिते. सकाळी चहा दोघांचा टाकावासा वाटतो. पण चोरून नको. पहिल्या लग्नात सगळं वाजतगाजत झालं आणि आत काही नव्हतं, आता आत काही आहे तर ते झाकायचं?

८ नोव्हेंबर
पुढच्या मेळाव्याची बैठक. पुन्हा तोच विषय काढला. पुन्हा ‘बघू’. पिशवीतून बिल्ल्यांचा डबा काढला आणि कार्यवाहांपुढे ठेवला. "मग या वर्षी तुम्ही वाटा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. समितीतल्या सापट काकांनी घसा खाकरला, त्यांची विधवा सून यंदा नाव देणार आहे हे मला तिथे कळलं. ते म्हणाले, "शैला बरोबर बोलतेय."
ठरलं. उद्घाटन झालं की पहिले पुनर्विवाहवाले. डबा परत पिशवीत. आज मी स्वतःसाठी श्रीखंड आणलं.

वि.ला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

१२ डिसेंबर, शनि.
दुपारी दार वाजलं. वि. आणि मुक्ता. मी पीठ मळत होते, तशाच हातांनी दार उघडलं.

"दादांशी बोललो," म्हणाले. एवढे दिवस का लागले विचारणार होते, पण चेहरा बघून नाही विचारलं. "म्हटलं, तुम्ही वाढवलंत म्हणून मी ताठ उभा राहू शकतो. लग्न लपवून केलं तर तुमचंच वाढवणं फुकट."
"मग?"
"म्हणाले, पत्रिकेत माझं नाव घालायचं नाही."
"मग?"
"मग नाही घालायचं."

आवाज कापत होता. मेळाव्यात रिकाम्या हॉलसमोर कापला नव्हता, आज कापला. मला हसू आलं आणि रडूही. पिठाचे हात, डोळेही पुसता येईनात. अण्णा आतून म्हणाले, "पौष संपू दे. माघातला मुहूर्त काढतो. पण माझ्या विधीत कुणी घड्याळ बघायचं नाही."

पोळ्या मी केल्या. भाजी वि.ने. मीठ जास्त. सगळ्यांनी संपवली.

१९ डिसेंबर
हॉल ठरला. सकाळचा मुहूर्त, भर साडेदहाचा.

पत्रिकेचा मजकूर घेऊन तिघं छापखान्यात. माझ्या बाजूने अण्णांचं नाव. त्यांच्या बाजूला बोलावणारं कुणी नाही, आईवडील नाहीत, दादा नाही म्हणाले. छापखानेवाले म्हणाले, "वरपक्षाकडून कोणी तरी हवं ना, साहेब. बरं दिसत नाही." मी काही बोलणार तेवढ्यात मुक्ताने पेन ओढलं.

पत्रिकेत खाली पोरंसोरं बोलावतात ना, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, ती ओळ. तिने ती लिहायला घेतली. आमच्या पप्पांच्या.

छापखानेवाल्यांनी चष्मा वर केला. "अगं बाळ, ही ओळ काका-मामाच्या लग्नात असते. बापाच्या लग्नाला पोरगी बोलावते असं कुणी छापत नाही. लोक हसतील."
मुक्ता म्हणाली, "हसू देत. हसायला तरी येतील ना." आणि मग जरा थांबून, "आणि माझं नाव एकदम खाली बारीक नको. वर, काकांचं असतं तिथे."

वि. बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्याकडे गेले नाही. त्या पोरीकडेच बघत राहिले. माझी ती कुणी नाही, तिला मी घडवलेलं नाही, तरी असा अभिमान मला ठाण्याहून बॅग उचलून निघाले त्या दिवशीही वाटला नव्हता.

दादा येतील की नाही, माहीत नाही. हॉल भरेल की नाही, तेही नाही. कुलकर्णी काकू नक्की येणार, पहिल्या रांगेत.

ओळ अजून अर्धीच आहे. मुक्ताने लिहिलंय, ‘आमच्या पप्पांच्या आणि’, मग जागा कोरी (मला ती अजूनही कशानेच हाक मारत नाही), आणि पुढे ‘लग्नाला यायचं हं’. मी विचारलं, "मधे काय येणार?"
"ते माझं मी ठरवतेय. घाई करू नका."

छापखानेवाल्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. निघताना मी त्यांना हळूच सांगितलं, तिथे जागा जरा मोठी सोडा.