खडूची रेघ

सिरसाळा,
११ मे १९८७

प्रिय दिलावर,

सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडलं नसशील, दोन दिवस कुठल्यातरी डब्याखाली पडू दिलं असशील, असा माझा अंदाज आहे. तसं केलं असशील तर घोटाळा केलास, कारण यात एक घाईचं काम आहे. ते मी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचशील आणि बाकीचं सोडून देशील, आणि बाकीचं तू वाचावंस म्हणून तर मी तीन दिवस कागद फाडतोय.

इकडे सगळं तसंच, म्हणजे आणखी वाईट. तू गेलास तेव्हा टँकर एक दिवसाआड यायचा, आता चौथ्या दिवशी येतो. कारखान्याच्या तळ्यात ढेकळं दिसायला लागलीत. पुढच्या गाळपाची भाषा चेअरमनसुद्धा करत नाहीत. दात कोरायला ऊस नाही शिवारात. आम्हा कायमच्या लोकांना पंपावर न् पहाऱ्यावर बसवून ठेवलंय. तुम्हा हंगामी लोकांना मार्चमध्येच घरी पाठवलं, तेव्हा मला तुझं वाईट वाटलं असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. परवा स्टाफ क्लबचे सेक्रेटरी मोहनराव औरंगाबादहून आले आणि चारचौघांत सांगू लागले, की आपला दिलावर तिथं कॅसेटच्या स्टुडिओत आहे, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसतो, गळ्यात हेडफोन असतो, आणि गाणारे लोक त्याला विचारून सूर लावतात. हे ऐकून आप्पांनी टाळ्या वाजवल्या. तोंडानं शाबास म्हणणं आता त्यांच्या हाती राहिलेलं नाही, म्हणून टाळ्या. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी कधी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. पोटात दुखलं माझ्या. तुझं चांगलं झालं म्हणून दुखलं, उगाच दुसरं कारण कशाला सांगू.

ऑपरेशन झालं हे तुला कळलं असेल. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, आवाजाची पेटी काढून टाकावी लागली. गळ्याला भोक ठेवलंय, त्यावर आई फडकं बांधते. जीव वाचला. आप्पा पाटीवर लिहून बोलतात, आणि अक्षर एवढं मोठं काढतात की दोन शब्दांत पाटी भरते.

आता हिवाळ्यातलं सांगतो. तुला ठाऊक असलेलंच सांगतो, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस. ऑपरेशन ठरलं तेव्हा आप्पांनी डॉक्टरकडून पाडव्यानंतरची तारीख मागून घेतली. पंचवीस वर्षं वजनकाट्यावर बसलेला आणि पंचवीस वर्षं दर शनिवारी स्टाफ क्लबात गाणारा माणूस. क्लबानं रीतसर ठराव केला, की सुंदरराव आप्पांचा आवाज जायच्या आधी एक अख्खी बैठक कॅसेटवर घ्यायची. तूच तेव्हा म्हणाला होतास, की दुष्काळानं एक उपकार केलाय: गाळप लवकर आटोपलंय, चरकाची घरघर नाही, ट्रॅक्टर नाहीत, असा शांत क्लब पुन्हा मिळायचा नाही. मला तेव्हाही राग आला होता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वडील माझे, क्लबातल्या तारा मी ओढलेल्या, आणि शांतता तुझ्या लक्षात आली.

माझ्याकडं मुंबईहून आणलेले दोन माईक होते, बोटाएवढे, चकचकीत, मखमली डबीतले. तुझ्याकडं मेलेल्या टेपरेकॉर्डरातून उपसून काढलेले माईकचे दोन दाणे होते, हरभऱ्याएवढे. ते तू बॉलपेनच्या नळीत बसवले, वरून जुन्या उशीतल्या स्पंजाची टोपडी घातली, आणि धर्मापुरीच्या देवळात जाऊन टाळ्या वाजवत, खोकत ते तपासलेस. मी सगळ्या कारखान्यात तुझी टिंगल केली. म्हाळू पखवाजी म्हणाला, हे माईक न्हाईत, हे कानातलं मळ काढायचं हत्यार हाय. तूही हसलास. तुझं ते हसणंच मला सोसत नाही, लेका. ज्याला आपलं नाणं खरं आहे हे ठाऊक असतं तोच असा हसतो.

मग चाचणी ठरली. दोन्ही जोड्या एकाच वेळी लावायच्या, आप्पांनी एकच गौळण म्हणायची, आणि पुढच्या शनिवारी दोन्ही कॅसेटी ऐकून क्लबानं निवड करायची. माझे माईक स्टँडवर, आप्पांच्या पुढ्यात. तू मात्र तुझे दाणे टोपीला लावलेस, एक उजव्या कानावर, एक डाव्या, आणि आप्पांसमोर सात-आठ हातांवर मांडी घालून बसलास. मान हलली की आवाज हलतो, म्हणून बसलास तो बसलास. आप्पांनी गौळणीतली ती अवघड जागा घेतली, म्हाळूनं तिहाई टाकली, सगळा क्लब डोलला, मी मोठ्यानं वा म्हणालो, आणि तुझी मान तसूभर हलली नाही. आप्पा शेवटी शेवटी तुझ्याकडंच बघून गात होते. घरी जेवताना ते आईला म्हणाले, "त्या दिलावरची मान बगितली का? मी सम गाठली तरी हालली न्हाई. असं ऐकनारं मानूस मला हयातीत भेटलं न्हाई." मी समोर बसलो होतो. माझ्या ताटात भाकरी होती. तीस वर्षं मी त्यांचं गाणं मान हलवत ऐकलं, ते कुणाच्या जमेत नाही.

आपल्या लोकांना सहकाराची अशी सवय, की गोड काय आणि कडू काय तेही हात वर करून ठरवायचं. सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. ॲम्प्लिफायरवर मी बसणार होतो. तू आदल्या दिवशी येऊन मला समजावलंस, की दोन आवाज तोलायचे असतील तर दोन्ही सारखे मोठे लावावे लागतात. जो जरा मोठा लागतो तोच माणसाला गोड वाटतो, कान तिथं हमखास फसतो. म्हणून तू दोन्ही कॅसेटी लावून बघितल्यास, आणि बटनाशेजारी खडूनं दोन बारीक रेघा मारल्यास, एक माझ्या कॅसेटची, एक तुझ्या. तुझी कॅसेट मी तुझ्या रेघेवर लावली. माझी लावताना बटन माझ्या रेघेच्या पुढं नेलं. फार नाही, ज्वारीचा दाणा मावेल एवढंच. त्या दाण्याएवढ्यात आप्पांचा आवाज एकदम पुढं आल्यासारखा झाला, लोकांनी माना डोलावल्या, आणि मोहनरावांनी विचारल्यावर माझ्या बाजूनं बेचाळीस हात वर झाले. तुझ्या बाजूनं सहा. गाणाऱ्यानं मत द्यायचं नसतं, म्हणून आप्पांनी हात वर केला नाही, आणि त्यांनी तो केला असता तर कुणाच्या बाजूनं, हे मला नको तेवढं ठाऊक होतं.

तू बटनाकडं बघितलंस. मी तुझ्याकडं बघितलं. मोहनराव अनुमोदक कोण म्हणून विचारत होते, आणि तू उठून म्हणालास, "माजं अनुमोदन हाय." क्लबाच्या वहीत तसं लिहिलेलं आहे, मी जाऊन बघून आलो. बाहेर आल्यावर तू एवढंच बोललास, "माईक आप्पाच्या तोंडापासून हातभर लांब ठेव बे. आन् जवळ बसून बोलू नको." तू त्या वेळी मला चोर म्हणाला असतास तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं. तू मला सांभाळून घेतलंस, आणि त्या गोष्टीचा मी तुझ्यावर आजतागायत डूख धरून आहे.

पाडव्याच्या बैठकीला तू तुझी टोपी घालून मागं बसू का म्हणून विचारलं होतंस, केवळ जोडीला आणखी एक कॅसेट असावी म्हणून. मी म्हणालो, ठराव एकाच जोडीचा झालाय. ठराव! तू उलट शब्द न बोलता त्याच आठवड्यात औरंगाबादची गाडी धरलीस. मी माईक चार बोटांवर लावले, कारण हातभर हे तुझं माप होतं. आप्पा अडीच तास गायले. असं गाणं मी त्यांचंही ऐकलं नव्हतं. लोक रडले. आणि कॅसेटीत काय आलंय ठाऊक आहे? हार्मोनियमचा भाता आलाय, पंखा आलाय, आप्पांचा आवाज वरच्या पट्टीत फाटलाय आणि खालच्या पट्टीत बुडालाय. आणि सगळ्यांत स्वच्छ काय आलंय तर माझं वा. मी माईकशेजारी बसून दर समेला वा म्हणालोय. बापाच्या शेवटच्या गाण्यात बापापेक्षा मोठा मी ऐकू येतो.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. चाचणीची तुझी कॅसेट तू क्लबाच्या कपाटात ठेवून गेला होतास. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी एकटा होतो, ती काढून कानाला लावून ऐकली. दिलावर, तिच्यात आप्पा श्वास घेतात तेसुद्धा आहे. ते कुठं बसलेत, म्हाळू कुठं बसलाय, मधलं अंतर किती, डोळे मिटले की सगळं दिसतं. नुकती लागलेली ती घशाची खरखरसुद्धा आहे, आणि ती किती गोड लागते. गौळण संपल्यावर लोक टाळ्या वाजवतात आणि आप्पा पुढं वाकून हळूच विचारतात, "दिलावर, नीट आलं का रं?" मी त्याच खोलीत होतो, तुझ्यापेक्षा जवळ. मला ते तेव्हा ऐकूच आलं नव्हतं. आणि मला विचारलंही नव्हतं. मी कॅसेट मागं घेतली, रेडिओची तार टेपला जोडली, आणि लाल बटन दाबून त्या गौळणीवर बाजारभाव घेतले. सरकी, करडई, ज्वारीची आवक. पूर्ण बाजू होईपर्यंत तिथंच बसून राहिलो. चुकून झालं असं मी कुणालाही सांगू शकलो असतो, क्लबात कॅसेटींची अशी अदलाबदल होतच असते. तुला तसं सांगवत नाही.

दवाखान्यातून आल्यावर आप्पांनी पंधरा दिवस काही ऐकलं नाही. मग परवा, मोहनरावांनी तुझी खबर आणली त्याच दिवशी, घरी येऊन त्यांनी खूण केली, की लाव. मी पाडव्याची कॅसेट लावली. त्यांनी एक बाजू पूर्ण ऐकली. माझ्याकडं बघून हसले, बरं वाटावं म्हणून. मग पाटीवर लिहिलं, यात मी कुठंय. ते पुसलं आणि लिहिलं, दिलावरची लाव. मी म्हणालो, ती दिलावर घेऊन गेला. ते खोटं तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी, सोळा तारखेला, आई आप्पांना घेऊन औरंगाबादला डॉक्टरकडं येतेय. मी रजा मिळत नाही असं सांगितलंय, रजा मिळते. डॉक्टरांकडून ते थेट तुझ्या स्टुडिओत येणार आहेत, मोहनरावांकडून पत्ता लिहून घेतलाय, आणि पाटीवर तुझ्याकडं काय मागणार ते तुला आता कळलंय. तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. चहा मागवशील, आणि म्हणशील, आप्पा, माझ्या हातूनच हरवली. हात जोडतो, तसं म्हणू नकोस. तू तसं म्हणालास तर आप्पा तुझ्यावर रागावतील, आयुष्यात पहिल्यांदा रागावतील, आणि घरी येऊन माझ्याशेजारी बसतील. आणि मला आनंद होईल. हे सगळं लिहून झाल्यावरसुद्धा होईल, मी स्वतःला ओळखतो. तो आनंद मला मिळू देऊ नकोस. त्यांना खरं सांग. तोंडानं सांगवत नसेल तर हे पत्रच त्यांच्या हातात दे, चष्मा आईच्या पिशवीत असतो.

तुझाच,
गहिनीनाथ