नानांना ऐकू आलं पैठण

बाडमेर, राजस्थान
रविवार, ९ मार्च २०२५

तनू,

मी बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्राची सवय नाय. नववीत शाळा सुटली तेव्हा पेन सुटला, तो आज धरला. पण तुझा फोन नानांच्या कपाटात, कुलपात. मग दुसरं काय करणार? देवगावात पोस्टमन पत्र नानांच्याच हातात देणार, आन् नाना फोडल्याबिगर राहणार नाय. म्हणून नाना, तुम्हालाही रामराम. आधी तुम्हीच वाचा. चष्मा लावून वाचा.

इथं रस्त्याचं काम आहे. दिवसभर मी जेसीबीनं वाळू उकरतो, रातच्याला वारा तीच वाळू परत आणून टाकतो. दोन वर्षांत हे माझं चौथं ठिकाण. नाना म्हणत्यात, ह्याचं बूड एका जागी टेकत नाय. खरंय.

तनू, तुझं भाषण मी पाहिलं. संभाजीनगरात पायथनवाल्यांची परिषद भरली ती फोनवर दिसत होती. पायथन म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, हे तूच मला समजावलं होतं. मशीन बंद करून केबिनमधीच बसलो. इंग्रजी मला काय कळतं! पण मधीच तू मराठीत आलीस. "आमचे नाना अर्ध्या रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जायचे आन् तिथं लाईटच नसायची." लोक हसले, मग टाळ्या. मी पण केबिनमधी एकटाच टाळ्या वाजवीत बसलो. मुकादम ओरडला, "क्यों रे, लड़का हुआ क्या?" म्हटलं, "बहन बोल रही है."

नाना, तुमच्या फोनवर शेतातली लाईट कधी येणार त्याचा मेसेज यायचा ना? तुम्ही पारावर सांगत होते, लाईटवाले लई सुधारले म्हणून. ते नव्हते सुधारले. तनूनं लिहिलेला प्रोग्रॅम तो मेसेज पाठवायचा. तिचा कॉम्प्युटर तुम्ही कपाटात घातल्यापासून मेसेज बंद झाला असंल, बघा.

आन् ती खोटं बोलून गेली म्हणता, ते काय खरं नाय. ती तेव्हा घरीच आली होती, माझा फोन स्पीकरवर होता, मी इकडून ऐकत होतो. ती म्हणाली, "नाना, पायथनच्या परिषदेला जायचंय." तुम्ही म्हणाले, "पैठणला? जा की. षष्ठीची गर्दी व्हायच्या आत दर्शन उरकून घे." ती म्हणाली, "पैठण नाय नाना, पायथन." तुम्ही म्हणाले, "तेच ते. जा." आईनं तर नाथांना वाहायला नारळ दिला. मग पोरगी गप बसली. तिचा गुन्हा एवढाच. नारळ परिषदेतल्या पोरींनी जेवणाच्या सुट्टीत फोडून खाल्ला. खोबरं गोड निघालं म्हणे.

शेजारच्या गोकुळनं कौतुकानं तुम्हाला तिचा फोटो दाखवला. त्याला वाटलं, नाना आता पेढे वाटतील. तुम्ही म्हणाले, "पैठणला जाऊन माईकवर कीर्तन करीत होती व्हय ही?" त्याच आठवड्यात तिची संभाजीनगरातली पुंडलिकनगरची खोली रिकामी केली आन् तिला देवगावला आणून घरात कोंडली. गोकुळ सांगता सांगता रडकुंडीला येतो. म्हणतो, मी फोटो दाखवायलाच नव्हता पाहिजे.

तनू, लिहायचं ते राहूनच चाललंय. इथं ऊन आत्ताच लई आहे. पाणी टँकरचं, खारट. चहा सुदीक खारट लागतो.

पुण्याच्या सुलेखा मॅडमचा फोन आला होता.

भाषण ऐकून त्यांनीच तुला कामावर बोलावलं होतं ना, त्याच. तुझा फोन लागंना म्हणून माझ्या नंबरवर केला. पहिल्यांदा मी म्हटलं, तिला ताप आलाय. दुसऱ्यांदा म्हटलं, येती, दोन दिवसांत येती. तेव्हा रोज नानांना फोन लावीत होतो. तुझं नाव काढलं की नाना कट करायचे. परवा मॅडमचा परत आला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "किती दिवस जागा अडवून ठेवणार? दुसरी मुलगी घेतली आम्ही. तनुजाला सांगा, मला फार वाईट वाटलं."

मी म्हटलं, "बरं मॅडम."

एवढंच म्हटलं. थोडं थांबा, मी जाऊन घेऊन येतो तिला, हे फोन ठेवल्यावर सुचलं. परत लावला तर म्हणाल्या, "अहो, ती मुलगी आज कामावर हजरसुद्धा झाली."

तुला हे असं, नानांच्या हातून फुटलेल्या पाकिटातून कळावं असं मला वाटत नव्हतं. पण तिथं दुसऱ्या कुणाला माहीत नाय, आन् तू अजून बॅग भरून बसली असशील.

नाना, वाचून झालं असंल तर कपाट उघडा. फोन द्या तिला, कॉम्प्युटर द्या. दाराची कडीही काढा. आता भ्यायचं काय कारण नाय. पोरीला जायला जागाच उरली नाय.

तनू, आशीर्वाद लिहायला हात धजत नाय.

तुझा, मोकळा हिंडणारा भाऊ
शिवम